विचारलं होतं की नव्हतं

मुलं तिला पाठीमागे 'पडदा मॅडम' म्हणायची. तोंडावर अर्थातच कोणी म्हणत नसे, पण कानाच्या डॉक्टरणीच्या कानावर असली गोष्ट यायची थोडीच राहते! नाव पडायला कारणही तसंच होतं. वैद्यकीय कॉलेजच्या त्या मोठ्या रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागात, कानाचा फाटलेला पडदा सांधायचा तर तो तिनंच. कानाच्या वरच्या बाजूला, केसांच्या रेषेत छोटासा छेद घ्यायचा, आतला पातळ पापुद्रा काढायचा, काचेवर पसरून वाळवायचा आणि फाटक्या पडद्याला आतून ठिगळासारखा लावायचा. तिचं ठिगळ सहसा निघत नसे. कुठूनकुठून लोक यायचे आणि खिडकीवर सांगायचे, "पडद्याच्या बाईंकडेच नंबर लावा."

नावाचा तिला राग नव्हता. उलट पहिली बरीच वर्षं गंमतच वाटायची. गंमत वाटायची कधी थांबली, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

विभागात नोकरीला लागली तेव्हा तिच्यामागोमाग आणखी एकजण लागला होता, तिच्याच वर्गातला. त्याला सगळे लंबू म्हणत. मायक्रोस्कोपसमोर बसायचं स्टूल त्याच्यासाठी पार खाली न्यावं लागे आणि तिच्यासाठी पार वर. थिएटरमधल्या सिस्टर वैतागून म्हणायच्या, "तुम्हा दोघांत मिळून एक नीट माणूस झाला असता." दोघांचेही हात चांगले होते. तिचे जरा जास्तच चांगले, असं लंबू स्वतः म्हणायचा.

विभागाचे प्रमुख म्हणजे सर. सर हा खरोखरच देवमाणूस. आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. शिपायाच्या आईचं ऑपरेशन असो की मंत्र्याच्या मेहुण्याचं, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. तिला ते 'पोरी' म्हणत. लग्न होऊन तिला दिवस गेले, तेव्हा सरांनीच तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "पोरी, आता तू मोठी ऑपरेशनं बंद कर. कानामागचं हाड कोरत चार-चार तास काढायचे, मान मोडते. तू पडद्याची ऑपरेशनं घे. सकाळी सुरू, दुपारी मोकळी. चारला घरी."

तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या विभागातल्या तिच्या मैत्रिणी दिवस भरत आले तरी रात्रपाळ्या करत होत्या, त्यांचे प्रमुख म्हणत, "जमत नसेल तर घरी बसा." आणि इथे न मागता सावली मिळत होती.

मुलगी झाली. मुलगी दोन वर्षांची असताना तिनं शेंगदाणा गिळला आणि तो श्वासनळीत गेला. ओठ निळे पडायला लागले. तिनं स्वतः असले कितीतरी शेंगदाणे, मणी, बिया दुसऱ्यांच्या मुलांच्या नळीतून काढलेल्या होत्या, पण त्या दिवशी तिला नळीत घालायची दुर्बीण धरवेना. सर जेवणाच्या ताटावरून उठून आले. दाणा अख्खाच्या अख्खा बाहेर काढला, चिमट्यात धरून तिला दाखवला आणि म्हणाले, "हा बघ चोर." मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. तेही तिनं दारातून पाहिलं होतं.

अशा माणसाबद्दल वाईट विचार कोण करील?

मुलगी मोठी होत गेली, पण कामाची ती वाटणी तशीच राहिली. पडदे तिच्याकडे, हाडं लंबूकडे. विद्यार्थ्यांचे वर्ग, परीक्षा, वेळापत्रकं तिच्याकडे, कारण "तू नीट करतेस गं." बाहेरगावचे परिसंवाद लंबूकडे. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन नवीन आलं, ते शिकायला कोणीतरी काही महिने दुसऱ्या संस्थेत जायचं होतं. लंबू गेला. ती निरोप द्यायला स्टेशनवर गेली होती, आणि गाडी सुटल्यावर परत येताना तिला आपलं उगीचच चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. काहीतरी घरी विसरलंय असं. घरी येऊन तिनं गॅस पाहिला, नळ पाहिले. सगळं बंद होतं.

सर निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा प्रमुखपदासाठी दोनच नावं होती. सगळे म्हणत, नोकरीत ती लंबूपेक्षा दोन आठवड्यांनी का होईना, पण मोठी. शिकवण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिनं अर्ज भरला.

मुलाखतीच्या टेबलापलीकडे तिघे बसले होते. टोकाला मावळते प्रमुख म्हणून सर. बाहेरून आलेले तज्ज्ञ होते ते फारच सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कानामागच्या हाडाची ऑपरेशनं, स्वतंत्रपणे?"

तिनं आकडा सांगितला. तो सांगायला एका हाताची बोटं पुरली.

"आणि यंत्र बसवण्याची?"

"मदतीला उभी राहिलेय."

"स्वतंत्रपणे?"

"नाही."

"का बरं?"

त्या 'का बरं'मध्ये खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं मनातल्या मनात उत्तरं चाचपली. 'संधी मिळाली नाही' म्हणावं, तर सर तिथेच बसलेत. 'मुलगी लहान होती' म्हणावं, तर मुलगी आता कॉलेजात जाते आणि स्वतःचे कपडे स्वतः धुते. 'मला नको होतं' म्हणावं, तर ते खरं आहे का?

"तसं घडत गेलं," ती म्हणाली.

तज्ज्ञांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. प्रमुख लंबू झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर तिच्या घरी आले. हातात फळांची पिशवी. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, माझा जीव तुटतो गं. तुला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जपलं की नाही?"

"हो सर."

"मग कुठे चुकलं?"

ते तिलाच विचारत होते आणि डोळ्यांत पाणी खरं होतं. तिनं चहा टाकला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. तो गुळचट चहा सरांनी निमूटपणे संपवला.

ते गेल्यावर नवरा उसळला. तो शाळेत गणित शिकवायचा, एरवी शांत माणूस. "जपलं म्हणे! तू काय काचेचं भांडं होतीस? वीस वर्षं कपाटात ठेवलं आणि आता विचारतायत कुठे चुकलं!"

"त्यांच्याबद्दल असं बोलू नकोस. त्यांच्यामुळे आपली पोरगी आहे."

"ते मी विसरलेलो नाही. पण ते वेगळं आणि हे वेगळं."

"वेगळं कसं? माणूस एकच आहे ना?" ती म्हणाली. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, तिनं पुढे विचारलं, "आणि मी रोज चारला घरी यायचे ते तुला कुठे खुपलं रे तेव्हा?"

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. "नाही खुपलं," तो म्हणाला. "बरंच वाटायचं."

आता राग धरायचा तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. नवरा खोटं बोलला असता तर त्याच्यावर धरता आला असता, पण मेला तेही करेना.

पुढच्याच आठवड्यात लंबू तिच्या खोलीत आला. प्रमुखाच्या खुर्चीत बसून निरोप धाडण्याऐवजी स्वतः आला, हे तिच्या लक्षात आलं.

"हे बघ, मी गोडगोड बोलायला आलेलो नाही," तो म्हणाला. "यंत्रासाठी मुलं रांगेत आहेत आणि हात माझे दोनच. प्रशिक्षणाची एक जागा आलीय, तीन महिन्यांची. तू जा."

"या वयात?"

"वयाची अट पन्नास. तुला अजून चालतंय."

"दया करतोयस का माझ्यावर?"

"दया करायला मला वेळ कुठाय? माझी मान बघ." त्यानं मान वळवून दाखवली, ती खरोखरच एका बाजूला वळत नव्हती.

"सांगते," ती म्हणाली.

पण सांगेना. आईला फोन केला, तर आई म्हणाली, "आता कशाला गं जिवाला दगदग? इतकी वर्षं चाललं ना." मुलीनं अर्धं ऐकून "जा ना मग!" म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला विचारलं, तर तो गेल्या वेळच्या बोलण्याचा धसका घेतलेला. तो म्हणाला, "तू ठरव. मी काही बोललो की मागून माझ्यावर येतं." लंबूला तिची गरज होती म्हणून जायचं, की तिला स्वतःला शिकायचं होतं म्हणून? की मुलाखतीत तोंडात मारल्यासारखं झालं, त्याचं उट्टं काढायला? सकाळी दात घासताना ती 'जायचंच' म्हणायची आणि रुग्णालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत 'नकोच' व्हायचं. लंबू रोज भुवया उंचावून विचारायचा, ती रोज बोटानं 'उद्या' दाखवायची.

त्याच सुमारास तिच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर आली होती. अंगानं काडी, पण प्रश्न असे टोकदार की विभागात तिचं नाव 'टाचणी' पडलं होतं. टाचणीला पाचवा महिना होता. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला कोणाबरोबर कोण बसणार, हे आता पडदा मॅडम ठरवायची, कारण लंबूला असल्या कामाचा कंटाळा. तिनं फळ्यावर नावं लिहिली. गुरुवारी कानामागच्या हाडाचं मोठं ऑपरेशन होतं, तिथं टाचणीचं नाव होतं. तिनं सहज, फार विचार न करता, ते पुसलं आणि दुसऱ्या मुलाचं लिहिलं. टाचणीला ओपीडी दिली.

तासाभरात टाचणी दारात. "मॅडम, माझं नाव का पुसलंत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. चार तासांचं काम आहे. तुझ्या या अवस्थेत—"

"पण मॅडम, कानाचं ऑपरेशन तर बसून करतात."

पडदा मॅडमनं तिच्याकडे पाहिलं.

"ओपीडीत मी सकाळपासून उभी असते," टाचणी म्हणाली. "बाकावर मुलं, त्यांच्या नाकात वाकून बघायचं. थिएटरमध्ये निदान स्टूल तरी मिळतं."

कानाचं ऑपरेशन बसून करतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? वीस वर्षं तीच त्या उंच केलेल्या स्टुलावर बसत होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते वेळेवर सुचणं वेगळं. तिला आधी हसू आलं. इतकं आलं की टाचणी घाबरून म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का?" मग ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं, आणि तिला स्वतःच्या हातातलं ते फळा पुसायचं फडकं दिसलं.

"जा," ती म्हणाली. "तुझं नाव परत लिहिते."

लिहिलंही. पुढच्या गुरुवारी टाचणी बसली, आणि छान काम केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी ऑपरेशन अर्ध्यावर असताना टाचणी पांढरीफटक पडली, हातमोजे काढले आणि बाहेर पळाली. हे कळताच पडदा मॅडम तिच्यामागे कपडे बदलायच्या खोलीत गेली. टाचणी बेसिनला धरून उभी होती.

"मॅडम," तोंड पुसत ती चिडून म्हणाली, "आज तरी तुम्ही मला नको म्हणायला हवं होतं."

"अगं, तूच तर भांडलीस माझ्याशी!"

"हो, भांडले. पण आज नको होतं."

"मग मी ओळखायचं कसं?"

टाचणी बाकावर बसली. "मलाच सकाळी उठेपर्यंत कळत नाही," ती म्हणाली. "कधीकधी उठल्यावरही नाही."

पडदा मॅडमला वाटलं, म्हणजे पुसलं तरी चूक, लिहिलं तरी चूक. मग सरांनी तरी काय करायला हवं होतं? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, निदान मी हिला विचारू तरी शकते, ही माझ्याशी भांडू तरी शकते. मी का भांडले नाही? मला भांडता येत नव्हतं, की मला चारला घरी जायचं होतं? यातलं काय खरं ते ठरवायला गेलं की दोन्ही खरं वाटे, आणि सोडून दिलं की दोन्ही खोटं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी सर ओपीडीत आले. पेशंट म्हणून. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आयुष्यभर लोकांचे कान बरे केलेला माणूस, पण स्वतःचा कान दाखवायला त्यांना इतका संकोच वाटला होता की बरेच दिवस घरीच बसून राहिले. लंबूकडे नाही गेले, तिच्याकडे आले. बाहेर बाकांवर नेहमीची गर्दी होती. तिनं त्यांना आपल्यासमोरच्या स्टुलावर बसवलं, दिवा लावून कानात पाहिलं. पडदे दोन्ही ठणठणीत होते. वयानं आतली नस थकली होती. तिथं तिच्या ठिगळाचा काही उपयोग नव्हता.

"सर, मशीन लावावं लागेल."

"काय?"

"मशीन! कानाला!"

"छे, छे," सर म्हणाले. "कानाच्या डॉक्टरनं कानाला मशीन लावायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते नीट ऐकू तरी येईल," ती म्हणाली. त्यांना ऐकू आलं नाही, पण ती हसली म्हणून तेही हसले. ते हसू तसंच जुनं, सगळ्यांना धीर देणारं. ते पाहून, जे इतकी वर्षं कधी ओठांवर आलं नव्हतं ते आलं.

"सर, यंत्राच्या प्रशिक्षणाला तेव्हा लंबूला पाठवलंत. मला का नाही विचारलंत?"

"काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा विचारलं. सरांनी तळहात कानामागे धरला. आता माघार घेता येईना. ती ओरडलीच, "मला का नाही विचारलंत, सर?"

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली. सिस्टरनं हळूच दार लोटून घेतलं.

सरांनी हात खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "विचारलं होतं की!" ते म्हणाले.

"कधी?"

हा प्रश्न त्यांना ओठांवरून कळला. "जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात. भिंती खरवडायचं काम चाललं होतं, सगळी धूळ. तुझ्या हातात परीक्षेचे कागद होते. मी म्हटलं, पोरी, जातेस का? तू म्हणालीस, सर, तुम्ही म्हणाल तसं. मला वाटलं, हिला संकोच होतोय नाही म्हणायला. म्हणून मी तुला अडचणीत नाही टाकलं."

तिनं मशीनसाठी चिठ्ठी लिहिली, सरांना हाताला धरून दारापर्यंत सोडलं. ते जाताना म्हणाले, "तुला आठवत नाही का गं?"

व्हरांडा तिला आठवत होता. धूळही आठवत होती, नाकाला रुमाल लावून चालावं लागायचं. कागद तर नेहमीच हातात असत. पण ते वाक्य? 'तुम्ही म्हणाल तसं' हे तर ती रोज म्हणायची. चहाला, सुट्टीला, परीक्षेच्या तारखांना, सगळ्याला. त्यातलं एखादं त्या एका प्रश्नाचं उत्तर होतं का? असलं तरी ते 'हो' होतं की 'नाही'?

ती तशीच लंबूच्या केबिनमध्ये गेली. "तू गेलास तेव्हा सरांनी तुला काय सांगितलं होतं?"

लंबूनं फार आठवावं लागल्यासारखं केलं नाही. "म्हणाले, ती नको म्हणतेय, तू जा."

"मग तू मला का नाही विचारलंस? खरंच नको म्हणतेस का म्हणून?"

"मी कशाला विचारू?" लंबू म्हणाला. "मला जायचं होतं."

इतका सरळ जबाब तिला त्या सगळ्या वर्षांत कोणी दिला नव्हता. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्यासोबत एक विचित्र हलकेपणाही आला. इतक्या जपणाऱ्या माणसांत निदान एकजण तरी म्हणाला, मला हवं होतं. ते वाक्य ती स्वतः शेवटचं कधी म्हणाली होती?

घरी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "एकदा तू म्हणाली होतीस बुवा, कुठेतरी पाठवतायत म्हणून. पण ते परीक्षेला की कशाला असं काहीतरी होतं. का तेव्हाचंच ते?" म्हणजे तिथेही घोळ. चार माणसं, चार आठवणी. गणिताचा मास्तर असूनही त्याला हे सोडवता येईना.

आणि असं काहीच स्पष्ट झालेलं नसताना, दुसऱ्या दिवशी, लंबूनं नेहमीप्रमाणे भुवया उंचावल्या तेव्हा ती म्हणाली, "जाते."

"नक्की?"

"नक्की वगैरे काही विचारू नकोस. जाते म्हटलं ना. तू कागद पाठवून दे, नाहीतर उद्या परत बदलेन."

ती गेली. नवी संस्था, वसतिगृहातली खोली, खिडकीसमोर दुसरी खिडकी. तिथं शिकवणारी डॉक्टर तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती, आणि बाकीची शिकणारी पोरं तर तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. आधी शवाच्या हाडांवर सराव. हाड कोरायचं यंत्र हातात घुमायचं, वरून पाण्याची धार, पांढरा चिखल वाहायचा. त्या हाडातून चेहऱ्याची नस जाते. तिला धक्का लागला तर जिवंत माणसाचं तोंड कायमचं वाकडं व्हायचं.

पहिल्या आठवड्यानंतर शिकवणारी म्हणाली, "हात फार स्थिर आहेत तुमचे. पण तुम्ही नस दिसायच्या आधीच थांबता. दिसू दे तिला. दिसली की सांभाळता येते. अंदाजानं लांब राहिलात तर कामही होत नाही आणि नसही कुठे आहे ते कळत नाही."

खोलीत येऊन ती पलंगावर पडून राहिली. हातात शिरलेली भीती कोणाची होती? सरांची? घरची? की जन्माला येतानाच आणलेली? विचार करता करता झोप लागली. सकाळी उठून ती परत हाडापाशी जाऊन बसली. तिसऱ्या आठवड्यात एकदा पातळ हाडाखालून ती नस दिसली, बारीक, फिकट, आपल्या जागी शांत पडलेली. तिनं यंत्राचं टोक तिच्या शेजारून नेलं.

परत आल्यावर पहिलं यंत्र तिनं एका पाच वर्षांच्या मुलीला बसवलं. लंबूला लागतो त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला. लंबू शेजारी बसून होता, एक अक्षर बोलला नाही, फक्त शेवटी म्हणाला, "माझी मान वाचली." मग दर गुरुवार तिचा झाला. प्रमुख ती कधी होणार नव्हती. ती आणि लंबू एकाच वर्षी निवृत्त होणार, हे कॅलेंडरच सांगत होतं. मुलं तिला अजूनही पडदा मॅडमच म्हणत. टाचणीला मुलगा झाला, ती सुट्टीवरून परत आली आणि आल्याआल्या वेळापत्रकावरून भांडली.

मध्यंतरी कॉलेजनं विद्यार्थिनींसाठी एक कार्यक्रम ठेवला. स्त्री-डॉक्टरांपुढचे अडथळे, असा काहीसा विषय होता, आणि बोलायला तिला बोलावलं. तिनं आदल्या दिवशी चार वाक्यं लिहून काढली, पण माईकसमोर गेल्यावर ती तिला खोटी वाटायला लागली. मग तिनं सरळ झालं ते सांगितलं. शेंगदाणा, चारची सुट्टी, व्हरांडा, लंबूचा जबाब, सगळं. सरांचं नाव न घेता. पण कोणाला कळायचं राहिलं असेल असं नाही.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, म्हणजे ते सर चांगले की वाईट?"

"चांगले," ती म्हणाली. "फार चांगले."

"मग तुम्हाला अडवलं कोणी?"

माईकमधून बारीक घरघर येत होती. ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. अध्यक्ष घड्याळ पाहू लागले.

"ते मला अजून नीट कळलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा. आणि गुरुवारी सकाळी माझं ऑपरेशन असतं. ज्यांना बघायचं असेल त्यांनी या. बोलावण्याची वाट बघू नका, हेच बोलावणं."

टाळ्या बेतानंच पडल्या. तिला वाटलं, आपलं भाषण पडलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला तसं सांगितलंही.

गुरुवारी तिघी आल्या. हिरवे ढगळ कपडे चढवून, टोप्या कानांवर ओढून, मायक्रोस्कोपच्या पडद्याशेजारी कोंबड्यांसारख्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. ती हात धुऊन आत जायला निघाली, तर थिएटरच्या बाहेर लाल रेषेपाशी चौथी उभी. तीच, मागच्या रांगेतली. पायात रस्त्यावरचे बूट, आणि आत जावं की जाऊ नये या विचारात एक पाय पुढे, एक मागे.

"अशी काय उभी आहेस?"

"मॅडम, ते... बुटांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. विचारावं की नाही कळेना."

ओले हात कोपरापासून वर धरलेले, त्यामुळे तिला बोट दाखवता येईना. तिनं हनुवटीनंच कोपऱ्यातल्या रॅककडे दाखवलं. "चपला तिथे आहेत. तुझ्या मापाच्या नसतील तर मोठ्या घाल, पण लवकर ये. मी सुरू करतेय."